गाडीत पाणी कोण पितं?

५ जानेवारी, रविवार

गाडीचं माहितीपुस्तक आज वाचून संपवलं. बाबांनी बस चालवण्यात उभी हयात घालवली, पण एकाही गाडीचं पुस्तक त्यांनी उघडलेलं नाही. त्यांचं म्हणणं, गाडीला काय होतंय ते गाडीच सांगते. मी म्हटलं, गाडी सांगते तेव्हा उशीर झालेला असतो, पुस्तक आधी सांगतं. यावर ते काही बोलले नाहीत. म्हणजे पटलं.

काम असं आहे. टेकडीपलीकडे किडनीच्या रुग्णांचं डायलिसिस केंद्र आहे. आमच्या बाजूचे तीन जण सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी तिथे जातात. यंत्रावर प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. ती चुकली तर रक्त साफ व्हायचं राहतं, अंगात पाणी साठतं, आणि लागोपाठ चुकली तर माणूस हाती लागत नाही. आजवर हे तिघं दोन बस बदलून जायचे. येताना थांब्यावर भिंतीला टेकून बसलेले असायचे, कारण यंत्रावरून उतरलेल्या माणसाच्या अंगात त्राण नसतं. शेवटच्या वर्षाला असताना मी हे कॉलेजच्या बसमधून रोज बघत होते. तेव्हाच ठरवलं की आपल्या पदवीचा कुणाला तरी उपयोग व्हायला हवा. पदवी रसायनशास्त्राची आहे. आमच्या घरातली पहिलीच. आई अजून ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढू देत नाही.

बाबांची बस कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनी ही जुनी व्हॅन घेतली होती. ती दारात उभी होती आणि बाबा तिच्याकडे बघत बसायचे. आता दोघांनाही काम मिळालं.

केंद्राच्या डॉक्टरांनी महिनाभर चाचणी म्हणून आम्हाला घेतलंय. एका मोठ्या कंपनीच्या कोऱ्या गाड्या रांगेत आहेतच. आमच्यामुळे कुणाची यंत्रावरची वेळ चुकली तर काम कंपनीकडे जाईल, असं ते हसत हसत म्हणाले. मी फोनवर त्यांना शब्द दिला की रोज सकाळी इंजिन थंड असताना मी स्वतः कूलंट तपासीन आणि पातळी किमान खुणेखाली दिसली तर गाडी दाराबाहेर निघणार नाही, त्यांनी खुशाल कंपनीची गाडी बोलवावी. डॉक्टर म्हणाले, इतकं कुणी सांगत नाही. बाबा शेजारी बसून बूट पुसत होते. एकच बूट बराच वेळ पुसत होते.

६ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस निर्विघ्न.

सकाळी बॉनेट उघडून बाबांना टाकी दाखवली. पांढरट प्लॅस्टिकची टाकी, तिच्यावर दोन रेघा. पातळी या दोन रेघांच्या मध्ये पाहिजे. बाबा तिला ‘पाण्याचा डबा’ म्हणतात. मी समजावलं की हे पाणी नव्हे, कूलंट. अर्धं कूलंट आणि अर्धं शुद्ध केलेलं पाणी असं मिश्रण असतं. साधं नळाचं पाणी लवकर उकळतं, थंडीत गोठतं आणि आतून गंज धरवतं, म्हणून ते टाकायचं नाही. इंजिन तापलेलं असताना झाकणाला हात लावायचा नाही. बाबा ‘हं’ म्हणाले. ते बघतात काट्याकडे. समोर काटा आहे, तो वर चढला तर गाडी तापली, नाही तर नाही. मी वरच्या रेघेवर मार्करने जाड काळी खूण केली, म्हणजे वाद नको.

आता प्रवासी. भूगोलाच्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. दार उघडून धरलं की आधी दाराकडे बघतात, मग माझ्याकडे, मग चढतात. कुलूपवाले बाजारात किल्ल्या बनवून द्यायचे, आता मुलगा बनवतो आणि हे त्याच्या चुका सांगतात. तिसरे बेकरीवाले काका. बायको गेल्यावर त्यांनी भट्टी बंद केली. दुकानाच्या मागच्या खोलीत एकटेच असतात. बोलणं कमी. मी पुढे बाबांच्या शेजारी बसते, बेकरीवाले माझ्या बरोबर मागे.

केंद्रातल्या सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की या लोकांच्या पिण्यावर मर्यादा असते. दिवसाला ठरलेलं पाणी, त्यातच चहा आणि आमटीही धरायची. जास्त प्यायले की वजनात दिसतं. म्हणून मी गाडीतल्या सगळ्या बाटल्या काढून टाकल्या आणि नियम केला की गाडीत कुणी काही प्यायचं नाही.

कुलूपवाले म्हणाले, “वा, कंडक्टरबाई. गाडीला रोज पाजणार आणि आम्हाला नाही.”

त्यांना विनोदाची सवय आहे.

८ जानेवारी, बुधवार

पातळी चक्क बोटभर उतरलेली. खालच्या रेघेच्या वर होती म्हणून निघालो. बाबा म्हणाले, आत हवा अडकली असेल, एकदोनदा उतरतंच. मी मिश्रण तयार करून खुणेपर्यंत भरलं आणि स्पष्ट सांगितलं की शुक्रवारी पुन्हा उतरलेली दिसली तर गाडी गॅरेजला आणि मी डॉक्टरांना फोन करणार. बाबांनी विचारलं, गॅरेजला किती दिवस ठेवतील. मी म्हटलं, लागतील तेवढे. ते आत गेले.

१० जानेवारी, शुक्रवार

पातळी बरोबर खुणेवर! केसभरही खाली नाही. बाबांचंच खरं होतं, हवा असणार. मी त्यांना तसं म्हणाले, त्यांना बरं वाटावं म्हणून. ते म्हणाले, “बघितलंस ना? मग चल.”

बाबा माझ्या आधी उठून काचा पुसून ठेवतात. बस कंपनीत हे काम दुसरं कुणी करायचं. या वयात माणूस स्वतःला बदलतो हे बघून बरं वाटतं.

१३ जानेवारी, सोमवार

पातळी खुणेवर. टाकीचं झाकण बाहेरून ओलं होतं. दव.

आई कुरकुरत होती की न्हाणीघरातला मग जागेवर सापडत नाही. मग मला म्हणाली, तू सकाळी जरा उशिरा बघत जा गाडी, त्यांचं आवरायचं असतं. मी म्हटलं, तपासणीची वेळ माणसांच्या सोयीने बदलली तर तिला तपासणी म्हणता येणार नाही.

थंडी वाढलीय म्हणून हीटर सुरू केला. या आजारात लोकांना हुडहुडी फार भरते. बाई म्हणाल्या की गाडीत कसला तरी गोड वास येतोय. मलाही आला. पाकातल्या फळासारखा.

१५ जानेवारी, बुधवार

पातळी खुणेवर. रंग जरा फिका वाटतोय. प्लॅस्टिकमधून ऊन लागून असं होत असावं.

दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या. एक, समोरची काच आतून तेलकट होते. पुसली की पुन्हा. बाबांना चढावर मान पुढे काढून बघावं लागलं. बाई डोक्याला भरपूर तेल लावतात आणि हीटरच्या उबेने ते हवेत उडत असणार. मी त्यांना मागच्या बाकावर बसाल का म्हणून विचारलं. कारण सांगितलं नाही. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्या मागे बसल्या, पण परतीच्या वाटेवर कुणाशी बोलल्या नाहीत.

दोन, माझ्या पायाखालची चटई ओली आहे. पाणी म्हणावं तर चिकट.

कुलूपवाले तोंडात बर्फाचा खडा धरतात, तेवढी सिस्टरची परवानगी आहे. बर्फ काही चिकट नसतो. मी बाईंना आणायला उतरते तेव्हा पुढची जागा रिकामी असते. तेवढ्या वेळात मागून कुणी तरी पुढे वाकून काही तरी ओतत असलं पाहिजे. पुरावा लपवायला ओततात का?

मला कुणावर संशय घ्यायला आवडत नाही. पण माझ्या बरोबर मागे कोण बसतं?

१७ जानेवारी, शुक्रवार

पातळी खुणेवर. बाबांना म्हटलं, बघा, नीट लक्ष दिलं की जुनी गाडीसुद्धा शिस्तीत वागते. ते म्हणाले, तुझ्यासारखी मुलगी असल्यावर गाडीची काय बिशाद. कधी कधी ते कौतुक मनापासून करतात.

आज वजनं. केंद्रात यंत्रावर घेण्याआधी प्रत्येकाचं वजन बघतात. मागच्या वेळेपासून जेवढं वाढलं तेवढं पाणी. बेकरीवाल्यांचं बरंच जास्त. सिस्टर त्यांना सगळ्यांदेखत बोलली. ते खाली बघत बाही गुंडाळत राहिले. बाईंचंही वाढलं होतं, पण त्यांनी सांगितलं की कोट जड आहे.

गोड वास, चिकट चटई, वाढलेलं वजन. आयुष्यभर साखरेत आणि पाकात हात असलेला माणूस. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की निरीक्षणं एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर भावनेच्या आहारी जायचं नाही.

हे त्यांच्याच भल्यासाठी आहे.

२० जानेवारी, सोमवार

आज पिशव्या तपासल्या. एकट्यालाच अपमान वाटू नये म्हणून तिघांच्याही तपासणार होते. बेकरीवाल्यांपासून सुरुवात केली. एक टॉवेल, गोळ्यांची डबी, कागदात गुंडाळलेला पावाचा तुकडा. त्यांनी सांगितलं की पाव केंद्राबाहेरच्या चिमण्यांसाठी आहे. मी पावाचाही वास घेतला. गोड नव्हता.

बाई म्हणाल्या, शाळेत मी पुष्कळ दप्तरं तपासली, माझं कुणी तपासलं नाही आणि आताही तपासणार नाही. त्यामुळे तिथेच थांबावं लागलं. बाबा आरशातून बघत होते. “पुरे आता,” एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज बसमधला होता.

मी बेकरीवाल्यांना म्हटलं की वास तर येतोय, काका, आणि तो कुठून तरी येतो. त्यांनी पिशवीची गाठ बांधली.

“मी गाडीत काही पीत नाही,” ते म्हणाले.

मी म्हटलं, वजन काट्यावर दिसतं. संध्याकाळी उतरताना त्यांनी बाबांना नमस्कार केला आणि माझ्या बाजूने न जाता गाडीला वळसा घालून गेले.

पातळी खुणेवर.

२२ जानेवारी, बुधवार

बेकरीवाले आले नाहीत. दार वाजवलं. आतून म्हणाले, बसने जाईन. आम्ही केंद्रातून परतेपर्यंत बसने कुणी आलं नव्हतं. सिस्टरने नोंद केली, ‘रुग्ण आला नाही’. म्हणजे आमच्यामुळे वेळ चुकली असं होत नाही. मला हे वाचून सुटल्यासारखं वाटलं आणि मग सुटल्यासारखं वाटल्याचं वाईट वाटलं.

त्यांची जागा रिकामी होती, तरी वास होताच, उलट वाढलेला. बाकाच्या कापडात मुरला असणार. घरी आल्यावर कापड साबणाने घासून धुतलं. आई म्हणाली, माणूस आला नाही आणि तू बाक धुतेस.

बाबा जेवताना म्हणाले, मी जाऊन त्यांना घेऊन येऊ का. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांबू. चूक कळायला माणसाला वेळ द्यावा.

२४ जानेवारी, शुक्रवार (दुपार, गॅरेजसमोरच्या बाकावर)

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी पातळी खुणेवर. बेकरीवाल्यांच्या दाराशी गेलो. आज आतून उत्तरही आलं नाही. शेजारीण म्हणाली, आहेत आत, खोकत होते. बाबा उतरायला लागले. मी म्हटलं, उशीर होईल, दोघांची वेळ चुकेल. निघालो.

चढ सुरू झाला तसा हीटरमधून गार वारा यायला लागला. मागून बाई म्हणाल्या, बंद करा, पाय गारठले. काच आतून दुधासारखी पांढरी झाली. बाबांनी काट्याच्या काचेवर टिचकी मारली. काटा तळाला होता. “गार आहे, काही नाही,” असं म्हणून ते पुढे निघाले. मीही म्हटलं, पातळी तर मी बघितलीय. आम्हा दोघांचा गाडीवर इतका विश्वास आधी कधी नव्हता.

वळणाच्या पुढे इंजिन खडखडायला लागलं, ओढ गेली आणि बॉनेटखालून वाफ आली. बाबांनी गाडी कडेला घेतली. मी ओरडले की झाकण उघडू नका. ते म्हणाले, “एवढं कळतं मला.”

कुलूपवाल्यांनी खाली उतरून हात केला आणि गाद्या नेणारा एक ट्रक थांबवला. बाई पुढे बसल्या, कुलूपवाले मागे गाद्यांवर आडवे झाले आणि म्हणाले की या आजारात पहिल्यांदाच कुणी नीट सोय केली. ट्रक गेला. रस्त्यावर आम्ही दोघंच.

इंजिन निवल्यावर मी झाकण उघडलं. टाकी कोरडी. मी पुन्हा पुन्हा आत बघत होते. म्हटलं, सकाळी खुणेपर्यंत होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितली.

बाबांनी सीटखालून एक कॅन काढला. तळाला घोटभर पाणी होतं. साधं, नळाचं.

“तू बघायच्या आधी मी भरतो,” ते म्हणाले.

“आज?”

“रोज.”

“रोज किती?”

“आधी मगभर पुरायचं. या आठवड्यात फार पीत होती.”

मी विचारलं, का. ते रस्त्याकडे बघत होते.

“तू त्यांना सांगितलंस, कमी दिसलं तर गाडी दाराबाहेर निघणार नाही. मग दिसू दिलं नाही.”

मी त्यांना समजावून सांगायला लागले की पाण्याने कूलंट पातळ होतं, काट्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच काटा बरोबर सांगतो, पाणी नसेल तर सेन्सर नुसत्या हवेत असतो आणि काटा गार दाखवतो, त्यामुळे खूणही खोटी ठरली आणि काटाही. बरंच बोलले. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “तुझी खूण खोटी नव्हती. मी होतो.” मी गाडी ओढून नेणाऱ्या टोचनवाल्याला फोन केला.

मेकॅनिकने माझ्या पायाखालची चटई उचलली. खाली तळं. त्याने बोट बुडवून नाकाशी नेलं. डॅशबोर्डच्या आत हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो, इंजिनातलं तापलेलं कूलंट त्यातून फिरतं, म्हणून गाडीत ऊब येते. तो फुटलाय. कूलंट चटईवर गळतं आणि उरलेलं वाफ होऊन काचेवर बसतं. तो म्हणाला, पाकासारखा वास आला असेल ना गाडीत, आणि काच तेलकट होत असेल?

मी हो म्हटलं.

तो म्हणाला, मग इतके दिवस काय समजत होतात?

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी सांगितलं की आम्हाला वाटलं, कुणी तरी चोरून सरबत पितंय. मेकॅनिक हसला. मग आमची तोंडं बघून हसायचा थांबला.

कूलंटमधल्या ग्लायकॉलचं सूत्र मी झोपेतून उठवलं तरी लिहून दाखवीन. प्रयोगशाळेत त्याचा वास घ्यायचा नाही असा नियम होता, आणि मी कधीच घेतला नाही.

बेकरीवाले सोमवारपासून यंत्रावर गेलेले नाहीत. वही मिटते. चालत गेलं तर त्यांचं घर इथून फार लांब नाही.

२५ जानेवारी, शनिवार

काल दार उघडंच होतं. बेकरीवाले खुर्चीत बसले होते. आडवं झालं की दम लागतो म्हणाले. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. दुकानाच्या थंड भट्टीवर कपडे वाळत घातले होते.

मी उभ्यानेच सांगितलं. वास गाडीचा होता. चटईही गाडीची. तुम्ही खरं बोलत होतात. मी तुमची पिशवी उघडायला नको होती.

ते थांबत थांबत बोलले.

“पाणी मी पितो. घरी. नळाला तोंड लावून.” मग दम घेतला. “वजन खरंय. पण तुमच्या गाडीत कधी नाही प्यायलो. तुम्ही दार उघडून द्यायचात.”

मी म्हटलं, चला. ते म्हणाले, कशातून? गाडी गॅरेजमध्ये आहे हे मी विसरलेच होते. बस दोन बदलाव्या लागतात आणि त्यांना उठता येत नव्हतं. आई सोबत असती तर तिला विचारलं असतं, बाबा गॅरेजमध्ये. मी कंपनीला फोन केला, त्याच मोठ्या कंपनीला. तिकडून विचारलं की हा रुग्ण कुणाकडे आहे. मी आमचं नाव सांगितलं, आमची गाडी बंद पडलीय हेही सांगितलं, आणि लवकर या म्हटलं.

त्यांची गाडी लगेच आली. ड्रायव्हर आणि आणखी एक माणूस खुर्चीसकट काकांना उचलून आत घेऊन गेले. गाडीत कसलाही वास नव्हता.

सिस्टरने आधी मला झापलं, मग त्यांना, मग पुन्हा मला. यंत्र रिकामं नव्हतं. एका रुग्णाला लवकर सोडून यांना घेतलं. मी बाहेर बसून राहिले. बऱ्याच वेळाने सिस्टर दारात येऊन म्हणाली, श्वास सुधारला, आता घरी जा.

मी घरी न जाता डॉक्टरांकडे गेले. दोघं सकाळी आमच्यामुळे उशिरा पोचले, हे त्यांना ठाऊक होतं. काका का आले नाहीत हे ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, ‘रुग्ण आला नाही’ असं लिहिलंय ते बरोबर नाही, मी येऊ दिलं नाही असं लिहा. टाकीचंही सांगितलं. बाबांचं नाव न घेता सांगायचा विचार होता, पण त्यांच्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नव्हती. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, महिना संपू द्या, मग कळवतो. या वेळी हसले नाहीत.

रात्री जेवताना मी म्हटलं की बाबांनी फक्त एकदा खरं सांगितलं असतं तर हे सगळं टळलं असतं. आई भांडी लावत होती.

“घरात रोज सकाळी परीक्षा घेतलीस,” ती म्हणाली, “मग त्यांनी कॉपी केली.”

बाबा म्हणाले, तिचं बरोबर आहे. कुणाचं, ते म्हणाले नाहीत.

२७ जानेवारी, सोमवार

गाडी परत आली. हीटरचा भाग मिळायला वेळ लागेल, म्हणून मेकॅनिकने त्याच्याकडे जाणारे दोन पाइप एकमेकांना जोडून टाकले. इंजिनाला त्याने फरक पडत नाही, माणसांना थंडी वाजते. इंजिन वाचलंय, चार मिनिटं उशिरा थांबला असतात तर वाचलं नसतं, असं त्याने बाबांना दोनदा सांगितलं. जुनं पाणी काढून ताजं मिश्रण भरलंय. पहिले काही दिवस हवा निघेपर्यंत पातळी थोडी उतरेल, तेव्हा तेच मिश्रण घालायचं, असंही सांगितलं. म्हणजे उतरते ती हवेमुळेच, आठ तारखेला बाबा म्हणाले होते तसं. फक्त तेव्हा ती हवा नव्हती.

आईने घरातली पांघरुणं दिली. बेकरीवाल्यांच्या दाराशी बाबाच गेले. दोघं बोलत बाहेर आले, काय ते कळलं नाही. काकांनी गाडीला वळसा घातला नाही. मी दार धरून उभी होते, तिथून चढले.

मी बाईंची तेलाबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या की मी तेल लावतच नाही, केसांचा पोतच तसा आहे. पुन्हा आपल्या आधीच्या जागेवर येऊन बसल्या.

चढावर बेकरीवाले आपणहून म्हणाले, काल पाण्याची दोन भांडी जास्त झाली. कुणाला उद्देशून म्हणाले नाहीत. कुलूपवाले म्हणाले, माझी तीन. मी सिस्टरसारखं काही तरी बोलणार होते. बाबांनी गिअर बदलला आणि म्हणाले, थंडीत तहान जास्तच लागते. मग मीही म्हणाले नाही. बाई म्हणाल्या की त्या मर्यादेतच असतात. वजनकाट्यावर आज त्या सगळ्यांत जास्त भरल्या. तो कोट खरंच फार जड असला पाहिजे.

३१ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी बोलावलं. बाबांनाही घेऊन गेले. त्यांनी शर्टाला इस्त्री केली होती.

कंपनीच्या गाड्या चांगल्या आहेत, डॉक्टर म्हणाले, वेळेवर येतात. पण दुसऱ्या वस्तीत तीन महिन्यांपासून त्या चालतात आणि तिथून एकदाही कुठलीही अडचण कळवलेली नाही, याची त्यांना आता काळजी वाटायला लागलीय. आम्हाला आणखी एक महिना चाचणी. अट एकच, जे काही बिघडेल ते त्याच दिवशी कळवायचं. गाडी बंद ठेवायची की नाही ते मग मिळून ठरवू, एकटीने आधी ठरवून टाकू नका.

मला वाईट वाटलं. मला हो किंवा नाही हवं होतं. पूर्ण महिना काम करून आम्ही जिथे सुरुवात केली तिथेच आहोत. बाबा मात्र जिना उतरताना गुणगुणत होते. मी विचारलं, एवढं काय झालं. ते म्हणाले, एक महिना म्हणजे बारा-तेरा फेऱ्या. त्यांना गाडी चालवायला मिळाली की पुरतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मी उठायच्या आत खिडकीवर टकटक झाली. बाबा अंगणात उभे, स्वेटरच्या बाह्या वर केलेल्या, बॉनेट उघडं. हातात ना मग, ना कॅन. मला वाटलं काही तरी मोठं बिघडलं. तशीच बाहेर धावले.

“ये, बघ,” ते म्हणाले. “अर्धं बोट कमी आहे.”

परीक्षेचा निकाल सांगावा तसं त्यांनी सांगितलं. मी वाकून बघितलं. खरंच अर्धं बोट कमी होतं. झाकण कोरडं होतं. मी म्हटलं, तुम्ही भरलं नाहीत? ते म्हणाले, मी हात नाही लावला. मग आम्ही दोघांनी थोडा वेळ टाकीकडे बघितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्यात जेवढं होतं तेवढंच दिसत होतं.

मी मिश्रण आणलं, त्यांनी घातलं. चटई उचलून बघितली, कोरडी. अटीप्रमाणे केंद्राला फोन केला. सिस्टरने उचलला. मी सांगितलं की आमच्या गाडीचं कूलंट अर्धं बोट उतरलं होतं, हवेमुळे असावं, आता भरलंय आणि गळती दिसत नाही. तिने विचारलं की हे तिला का सांगतेय. मी म्हटलं, डॉक्टरांची अट आहे. ती म्हणाली, बाई गं, या तुम्ही.

बाबा बॉनेटवर हात ठेवून वाट बघत होते.

“काय म्हणाल्या?”

“या म्हणाल्या.”

त्यांनी बॉनेट लावलं.